पोरगं अकादमीला द्यायचं, पण कोणत्या अटीवर?

शालेय फुटबॉल स्पर्धांचा हंगाम संपला की व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरू लागतात. ‘निवासी फुटबॉल अकादमी, निवड चाचणी, वय १३ ते १७, निवास, भोजन, शिक्षण, गुणवंतांना स्कॉलरशिप.’ खाली युरोपातल्या एखाद्या क्लबच्या जर्सीतला पोरगा. पूर्वी या जाहिराती पुण्या-मुंबईत, फार तर नागपुरात थांबायच्या. आता त्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीपर्यंत आल्या आहेत. जिल्हा स्तरावर एखादा पोरगा चमकला की दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बापाला फोन येतो.

या वर्षी असा फोन आमच्या वस्तीत आला. पोरगा नववीत आहे. आईबाप कापूस वेचायला, सोयाबीन काढायला मजुरीने जातात. एका खासगी अकादमीने पोराची निवड केली, ‘अर्धी स्कॉलरशिप’ दिली, उरलेली अर्धी फी तीन हप्त्यांत भरायला सांगितली आणि पंधरा दिवसांत उत्तर मागितलं. विहारात यावर दोन रात्री चर्चा झाली. तरुणांचं म्हणणं, वर्गणी करू पण पोराला पाठवू. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, आधी दहावी होऊ द्या. दोन्ही बाजू पोराच्या भल्याचंच बोलत होत्या, पण अकादमीने पाठवलेला करारनामा कोणीच पूर्ण वाचला नव्हता. तो वाचल्यावर माझं जे मत झालं ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न एका पोराचा राहिलेला नाही. आज फुलसावंगीत आला, उद्या तुमच्या वस्तीत येईल.

माझं मत असं. पोरांनी जावं. पण शाळा, परतीची वाट आणि सुरक्षितता या तीन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय एकाही पोराला पाठवू नये. आणि चळवळीने आपली ताकद खासगी अकादमीची फी गोळा करण्यात घालवू नये. ती सरकारी निवासी शाळांत मैदान आणि प्रशिक्षक मिळवण्यासाठी वापरावी.

वसतिगृह आपल्याला नवं नाही

‘इतक्या लहान वयात घरापासून तोडू नका’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. आपल्या समाजाची पहिली शिकलेली पिढी घर सोडूनच शिकली. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचं कॉलेज. गाव आपल्यासाठी कधी मायेची सावली नव्हतं. गावाबाहेर पडणं हाच अनेकांचा सुटकेचा रस्ता होता.

गावातच ठेवण्याचीही किंमत असते, हे फुलसावंगीला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या गावच्या एका तरुण कारागिराचा, स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं लागून मृत्यू झाला. शिक्षण आठवीपर्यंत, हातात वेल्डिंगचं कसब. देशभर बातम्या झाल्या, लोकांनी त्याला ‘रँचो’ म्हटलं. जिवंत असताना त्याला एखादी प्रयोगशाळा, एखादा जाणकार मार्गदर्शक, एखादी संस्था मिळाली असती तर त्या बातम्या वेगळ्या झाल्या असत्या. गुणवत्ता गावात जन्मते, पण संस्थेशिवाय ती टिकत नाही. म्हणून संस्थेत जाण्याला माझा विरोध नाही.

प्रश्न आहे तो संस्था कोणासाठी चालते याचा. सोलापूरच्या वसतिगृहाचं साध्य विद्यार्थी होता. मॅट्रिकला नापास झालेला पोरगाही पुन्हा परीक्षेला बसू शकत होता. खासगी अकादमीला हवा असतो तो खेळाडू. ज्या दिवशी गुडघ्याचा लिगामेंट तुटतो किंवा उंची वाढायची थांबते, त्या दिवशी त्या पोराचं तिथलं काम संपतं. त्याची नववी-दहावी तेव्हा कुठे असेल, हे कोणाच्या वहीत लिहिलेलं नसतं.

‘खेळात जात नसते’

हे वाक्य ट्रायलला आलेले लोक हमखास बोलतात. त्यांनी बाळू पळवणकरांचं नाव ऐकलेलं नसावं. चर्मकार समाजातल्या या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. त्याआधी पुण्यात खेळताना मैदानावर त्यांचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या कपात मिळायचा. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं, तेही मोठ्या झगड्यानंतर.

आज कोणी वेगळा कप ठेवत नाही. आज भेद ठेवणीत असतो. पूर्ण फी भरणारा पोरगा वाईट खेळला तरी तीन वर्षं राहतो, कारण तो ग्राहक आहे. स्कॉलरशिपवाल्या पोराला दर सहा महिन्यांनी स्वतःला सिद्ध करावं लागतं. एकाला पडण्याची मुभा आहे, दुसऱ्याला नाही. ही मुभा कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते हे ज्याला दिसत नाही, त्याने जात पाहिलेलीच नाही.

तीन क्लब कुठे गेले?

‘मोठा क्लब मागे आहे, काळजी करू नका’ असं सांगितलं जातं. मग पुण्याचा इतिहास पाहू. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, देशातल्या चांगल्या युवा अकादम्यांपैकी एक त्याच्याकडे होती. २०१५ मध्ये क्लब बंद पडला. डीएसके शिवाजियन्सने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी नातं जोडून निवासी अकादमी चालवली. २०१६-१७ चा आय-लीग हंगाम खेळून तो क्लब संपला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यामागच्या बांधकाम उद्योगाच्या मालकाला ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात अटक झाली. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये होता, २०१९ मध्ये तोही गुंडाळला गेला. एका शहरात चार-पाच वर्षांत तीन क्लब नाहीसे झाले. हे गल्लीतले संघ नव्हते, उद्योगसमूहांच्या पैशावर उभे राहिलेले क्लब होते.

शिडीचं वरचं टोकही डळमळीत आहे. जुलै २०२५ मध्ये खुद्द आयएसएलचा हंगाम रखडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. अव्वल व्यावसायिक खेळाडूची ही अवस्था असेल तर चौदा वर्षांच्या पोराला ‘पाच वर्षांत आयएसएल’ सांगणारा माणूस काय विकतो आहे?

क्लब बंद पडतो तेव्हा कोथरूडचा पोरगा घरी जातो, बापाने फी भरलेल्या शाळेत बसतो, क्लास लावतो. आमचा पोरगा घरी येतो तेव्हा शाळेच्या पटावर त्याचं नाव नसतं आणि कापसाचा हंगाम सुरू असतो.

यशाची गोष्ट नीट सांगा

प्रत्येक अकादमी अनिकेत जाधवचं नाव घेते. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या एकवीस जणांच्या संघात होता. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ती पूर्ण सांगा. अनिकेत पुढे आला तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून, फी घेणाऱ्या अकादमीतून नाही. क्रीडा प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण यांचा खर्च सरकार करतं. निवडीसाठी तीस मीटर धावणे, आठशे मीटर धावणे, उभी उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता अशा चाचण्या असतात. त्यात आमची पोरं कोणाला हार जाणार नाहीत. मग आमच्या किती शाळांनी या चाचण्यांची सूचना फळ्यावर लिहिली? किती कार्यकर्त्यांनी तालुका क्रीडा अधिकाऱ्याला तारीख विचारली? खासगी अकादमीचा माणूस यवतमाळपर्यंत येतो आणि सरकारी योजनेची माहिती महागावपर्यंत येत नाही. त्याच्या यशाचं एक कारण आपल्या या ढिलाईत आहे.

सरकारने अलीकडे मोठे कार्यक्रमही केले. सप्टेंबर २०१७ मध्ये एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावलं. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी करार करून निवडक मुलं तिकडे पाठवली. डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सीच्या उपस्थितीत ‘प्रोजेक्ट महादेवा’ची घोषणा झाली : तेरा वर्षांखालील तीस मुलं, तीस मुली, पाच वर्षांची शिष्यवृत्ती. मुलींना बरोबरीची जागा दिली हे चांगलंच झालं. आमच्याकडे आलेल्या एकाही खासगी जाहिरातीत मुलगी नव्हती. पण साठ म्हणजे किती? छत्तीस जिल्ह्यांत वाटले तर एका जिल्ह्याला दोनही येत नाहीत. शिखरावर झेंडा लावणं सोपं असतं, पायथ्याला रस्ता करणं खर्चाचं असतं.

नागपूरच्या विजय बारसे सरांनी पायथ्याचं काम केलं. २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना त्यांनी फुटबॉल दिला आणि त्यातली काही पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ त्याच कामावर उभा आहे. आपण तो चित्रपट डोक्यावर घेतला, स्टेटसला बाबासाहेबांच्या जयंतीचं दृश्य ठेवलं. पण बारसे सरांच्या कामातला धडा आपण घेतला का? त्यांनी पोरं निवडून उचलून नेली नाहीत. वस्तीतच, जे आले त्या सगळ्यांना खेळवलं. तिथे फुटबॉल हा पोरांना व्यसनापासून आणि गुन्ह्यापासून दूर ठेवण्याचा मार्ग होता. कोणी पुढे गेला तर चांगलंच, नाही गेला तरी तो हरलेला नव्हता.

अमेरिकेतल्या काळ्या समाजाचा अनुभव

दलित पँथरने ज्या समाजाकडून नाव घेतलं, त्या समाजाने हा प्रश्न आपल्याआधी भोगला आहे. अमेरिकेत शाळकरी खेळाडू हेरून नेणाऱ्या निवासी अकादम्यांचा मोठा धंदा आहे. फ्लोरिडातली प्रसिद्ध आयएमजी अकादमी १९७८ मध्ये टेनिसपासून सुरू झाली, आज तिथे अनेक खेळ आहेत. हॅरी एडवर्ड्स हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी व्यासपीठावर मूठ उंचावली, त्यामागची संघटना उभी करणारा हा माणूस. म्हणजे खेळाचा शत्रू नव्हे. पण त्यांनीच पुढे आपल्या समाजाला बजावलं की पोरांना एकट्या खेळाच्या मागे लावू नका. दारं बंद असलेल्या समाजाला एकच दार उघडं दिसतं, सगळे तिकडे धावतात, आत मोजकेच जातात आणि बाकीच्यांचं शिक्षणाचं वय निघून जातं. हे वाचताना मला आमची वस्ती दिसते. डॉक्टर, प्राध्यापक, अभियंता होण्याची शक्यता कमी वाटते, पण व्यावसायिक फुटबॉलपटू होण्याच्या शक्यतेपेक्षा ती कितीतरी जास्त आहे. फक्त तिची जाहिरात कोणी करत नाही.

करारात काय असतं

आता व्यवहाराचं बोलू. अशा करारनाम्यांत बहुधा पाच सापळे असतात.

१. शाळा. ‘शिक्षणाची सोय’ म्हणजे काय? नियमित शाळेत नाव आणि रोजची हजेरी, की मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरून परीक्षेपुरता पोरगा बसवणार? शाळेचं नाव आणि यू-डायस क्रमांक लेखी घ्या. अकादमी परराज्यात असेल तर आणखी सावध राहा. दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर झाली तर पुढे राज्याच्या कोट्यातल्या वैद्यकीय प्रवेशाला अडचण येते.

२. मूळ कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार ‘नोंदणीसाठी’ ठेवून घेतात. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या. जात पडताळणीसाठी हेच कागद लागतात, हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत?

३. बाँड. ‘तीन वर्षांआधी सोडल्यास पूर्ण खर्च भरावा लागेल.’ १९०३ च्या मोहरी बीबी निकालापासून कायदा स्पष्ट आहे, अल्पवयीनाने केलेला करार रद्दबातल असतो. म्हणूनच सही बापाची घेतात, वसुलीची भीती बापाला दाखवतात. वकिलाला दाखवल्याशिवाय स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

४. ना-हरकत. खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत क्लबच्या नावावर होते. पोराला दुसरीकडे जायचं असेल तर एनओसी अडवली जाते आणि हंगाम वाया जातो. सोडताना किती दिवसांत एनओसी मिळेल, हे आधी लिहून घ्या.

५. इजा. ऑपरेशनचा खर्च कोणाचा? विमा कोणाच्या नावाने? इजेनंतर शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत वसतिगृहात राहता येईल का? या ओळीवर अकादमीचा माणूस गप्प बसला तर आपलं उत्तर आपल्याला मिळालं.

सहावी गोष्ट करारात नसते, पण सगळ्यात महत्त्वाची असते. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका फुटबॉल अकादमीतून १४१ पोरांना बाहेर काढावं लागलं. पोरं वेगवेगळ्या राज्यांतली होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेऊन नोटिसा काढल्या. तेव्हा विचारा : रात्री वसतिगृहात कोण असतं? लैंगिक छळाची तक्रार कोणाकडे करायची? पोराला रोज घरी फोन करता येतो का? पॉक्सो कायद्याखाली गुन्ह्याची माहिती लपवणाऱ्या संस्थाप्रमुखालाही शिक्षा आहे, हे त्यांना माहीत आहे का? आणि महिन्यातून एकदा, न सांगता, आपल्यातला कोणीतरी तिथे जाऊन या.

‘तुम्ही पोरांची स्वप्नं मारता’

हा आरोप विहारातल्या बैठकीतही झाला. तरुण म्हणाले, सवर्णांची पोरं जोखीम घेतात, आपण नेहमी सरकारी नोकरीच्या मागे. यात तथ्य आहे. पण जोखीम घेण्यासाठी पाठीशी काहीतरी लागतं. ते नसेल तर जोखीम म्हणजे जुगार, आणि त्यात डाव पोराच्या आयुष्याचा असतो. शाळेचा आग्रह धरणं म्हणजे स्वप्न मारणं नव्हे. खेळातूनच पोट भरायचं म्हटलं तरी शाळा लागते. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण वरच्या पदांसाठी पदवी हवी. पोलीस भरतीला बारावी हवी. आणि त्या आरक्षणाला किंवा दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांना मान्यताप्राप्त स्पर्धेचंच प्रमाणपत्र चालतं. खासगी लीगची चकचकीत मेडलं तिथे कामाची नाहीत. सुब्रतो चषक, शालेय राज्य स्पर्धा ही वाट शाळेतूनच जाते. शाळा सुटली की ही वाटही सुटते.

आपण काय मागायचं

सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत, सहावी ते दहावी. राहणं, जेवण, शाळा तिथे आहेच. नाही तो प्रशिक्षक आणि नीट मैदान. मग मागणी सरळ आहे : प्रत्येक निवासी शाळेत एक पात्र क्रीडा प्रशिक्षक, एक मैदान आणि क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या तिथेच घ्या. अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी दरवर्षी वळवला जातो किंवा अखर्चित राहतो, ही ओरड आपण करतोच. त्या निधीतून हे काम मागा. जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना निवेदन द्या, माहितीच्या अधिकारात खर्च विचारा. क्रीडांगण विकास अनुदानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या.

दुसरं काम आपल्या हातात आहे. गावाचा क्लब रीतसर नोंदवा आणि जिल्हा संघटनेशी जोडून घ्या. फिफाच्या नियमांत बाराव्या वर्षापासून ज्या क्लबने खेळाडू घडवला त्याला प्रशिक्षणाचा मोबदला मिळण्याची तरतूद आहे. पण कागदावर नसलेल्या क्लबला काही मिळत नाही. आपली पोरं घडवायची आपण आणि श्रेय व पैसा घ्यायचा दुसऱ्याने, ही रीत शेतीत आणि मजुरीत आपण पुरेशी भोगली.

तिसरं, प्रत्येक तालुक्यात तीन जणांची समिती करा : एक शिक्षक, एक वकील, एक कार्यकर्ती. अकादमीचा कागद आला की आधी या समितीने वाचायचा, मगच बापाने सही करायची. याला पैसा लागत नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण जितक्या काटेकोरपणे बघतो, तितक्या काटेकोरपणे पोराचा करार बघितला तरी पुरे.

आमच्या वस्तीने त्या अकादमीला आठ प्रश्न लेखी पाठवले आहेत आणि पोराला क्रीडा प्रबोधिनीच्या पुढच्या चाचणीच्या तयारीला लावलं आहे. समाधानकारक उत्तर आलं तर तो जाईल आणि आम्ही हलगी वाजवत त्याला एसटीत बसवू. नाही आलं तर तो इथेच शाळेत जाईल आणि संध्याकाळी सराव करील. तुमच्या तालुक्यात असा कागद आला असेल तर तो आधी वाचा, आणि सही करण्याआधी चार जणांना वाचायला लावा.

जय भीम!